ड्रॉइंग बोर्डावर बसलेला घट

मी इंजिनिअरिंगच्या वर्गात टिकलो तो कोंडाआत्यामुळे. त्या वर्गातून हाकलला जाण्याची पाळी आली, तीही कोंडाआत्यामुळेच. उपकार एकानं आणि घोटाळा दुसऱ्यानं केला, तर कोणाच्या पाया पडायचं आणि कोणावर रागवायचं हे ठरवायला सोपं जातं. माझ्या बाबतीत दोन्ही कामांना माणूस एकच. त्यामुळं गेली दोन वर्षं मी तिच्यासमोर नुसताच उभा आहे.

कोंडाआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. चुलत नव्हे, मानलेलीही नव्हे. मानायला आधी ओळख लागते. मी बार्शीकडचा. ती मुळशीतली, पौडपासून कोसभर आत असलेल्या गावातली. सातवी झाल्यावर शाळेला रामराम ठोकून मी चुलत्याच्या मागोमाग ताम्हिणीच्या रस्त्याच्या कामावर आलो. चुलत्याला ताम्हिणी एकच पावसाळा सोसली आणि तो मला न सांगता परत गेला. (ज्यानं ताम्हिणीचा पाऊस पाहिला नाही त्यानं माझ्या चुलत्याला नावं ठेवू नयेत. आमच्याकडं वर्षभरात पडतो तेवढा तिथं जेवण उरकेपर्यंत पडून जातो.) मला घरी जायची भीती वाटत होती, कारण घरी वडील होते. इथं राहायचीही भीती वाटत होती, कारण इथं कोणीच नव्हतं. दोन्ही भीत्या मांडीवर घेऊन मी पौडच्या एस.टी. स्टँडवर बसलो होतो, तेव्हा बाजाराची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई समोर थांबली.

"कुनाचं रं तू?"

"बार्शीचा."

"बार्शी काय बापाचं नाव हाय व्हय? भाकरी खाल्लीस का?"

"न्हाई."

"मग ऊठ."

एवढ्या चौकशीवर मला त्या घरात प्रवेश मिळाला. पुढं आयुष्यात मी बरेच प्रवेश घेतले, पण इतका सुटसुटीत एकही नव्हता.

आत्याचे यजमान तात्या. त्यांची गावात पिठाची गिरणी होती आणि ती ऑईल इंजिनवर चालायची. म्हणजे इंजिनच्या मनात असलं तर चालायची. इंजिनला तेल घालणं, पट्टा चढवणं, शाफ्ट ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ठोकळ्यात फिरतो तो ठोकळा पुसणं, ही कामं माझ्याकडं आली. तात्या फार बोलत नसत. त्यांचं बहुतेक बोलणं इंजिनशी होई आणि ते इथं छापण्यासारखं नाही. माझा हात यंत्राला घाबरत नाही (मी घाबरतो, हात घाबरत नाही) हे आत्यानं ओळखलं आणि मला पुण्याला फिटरचं शिक्षण घ्यायला धाडलं. त्याचा दाखला घेऊन मी परत आलो, तेव्हा ती चुलीपुढं बसली होती.

"फिटरच्या वर कोन असतो रं?"

"फोरमन."

"त्याच्या वर?"

"इंजिनिअर."

"त्याच्या वर?"

"त्याच्या वर कोण नसतंय, आत्या."

"मग तितंच जाऊन बस की. मदी कशाला थांबतुयास?"

ती हे इतक्या सहज म्हणाली की जणू घराच्या माळवदावर चढायचा प्रश्न होता. पण तिला नाही म्हणायची मला भीती वाटली, आणि त्या भीतीपायी मी रात्रशाळेतून मॅट्रिक झालो, मग कसाबसा इंटर सायन्स झालो, आणि शेवटी पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारात उभा राहिलो. लोक ध्येयानं शिकतात म्हणे. मी भिऊन शिकलो.

मार्क काठावरचे, त्यामुळं प्रवेश मिळाला तो तात्पुरता. पहिली टर्म मिळाली, म्हणजे नेमलेलं काम पुरं झाल्याची सही मिळाली, तर कायम, नाहीतर घरी.

फिटरच्या वर्गात चुकलं की उस्ताद डोक्यात टपली मारायचे. प्रश्न तिथंच मिटायचा. इथं चुकलं की ड्रॉइंगचे सर चष्मा काढून पुसायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. मला त्या चष्मा पुसण्याची इतकी धास्ती बसली की रस्त्यात कोणी अनोळखी माणूस चष्मा पुसताना दिसला तरी माझं काहीतरी चुकलं असं वाटायचं. त्यात ड्रॉइंग हाच माझा कच्चा विषय. जी वस्तू मी कानशीनं घासून करू शकत होतो, ती कागदावर समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते आणि मधोमध कापल्यावर कशी दिसते हे काढायचं म्हटलं की घाम फुटायचा. शेवटची आणि सगळ्यात अवघड शीट होती प्लमर ब्लॉकची. प्लमर ब्लॉक म्हणजे दुसरं काही नव्हे, तात्यांच्या गिरणीतला तोच बिडाचा ठोकळा! चार वर्षं रोज पुसलेला. आता तो मला ओळख दाखवेना.

नवरात्रात कॉलेजला सुट्टी लागली, तेव्हा सर म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या शीट माझ्या टेबलावर पाहिजेत. एक जरी कमी असली तरी तुम्हाला टर्म मिळणार नाही. तुमच्या जागेसाठी मुलं थांबलेली आहेत."

ती थांबलेली मुलं मला स्वप्नात दिसू लागली. खांद्यावर टी-स्क्वेअरची लांब पट्टी टाकून ती माझ्या उशाशी रांगेत उभी असत आणि एकटक बघत.

वसतिगृह सुट्टीत रिकामं होणार होतं. मी बाकीच्या शीट पत्र्याच्या नळीत भरल्या, प्लमर ब्लॉकची अर्धवट शीट ड्रॉइंग बोर्डावर पिना टोचून तशीच ठेवली, आणि बोर्ड काखेत मारून पौडची एस.टी. पकडली. बोर्ड मोठा होता. मी आत शिरलो तसा कंडक्टर म्हणाला, "काय पाव्हनं, घराचं दार काढून आनलं का काय?" सगळी गाडी हसली. मी बोर्ड मांडीवर आडवा घेऊन, कागदाला कोणाचा हात लागू नये म्हणून दोन्ही कोपर पसरून, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा पौडपर्यंत बसून राहिलो.

आत्यानं बोर्ड बघितला, उलटापालटा केला, बोटांनी वाजवून पाहिला.

"लाकूड झ्याक हाय. आन ही रांगुळी कसली?"

"प्लमर ब्लॉक. आपल्या गिरणीतला ठोकळा आहे तो. हा समोरून. ह्यो वरनं. आन हितं त्यो अर्धा कापून दावायचा."

"धडधाकट वस्तू कापायची कशापायी?"

याचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं. समोरची बाजू मी शाईनं पक्की केली होती. बाकीच्या दोन पेन्सिलीत होत्या, आणि त्याही थरथरत. "नऊ दिवस हाईत," मी स्वतःला बजावलं, "रोज थोडं काढलं तरी होईल." अशी वाक्यं माणूस स्वतःला बजावतो, तेव्हाच कुठंतरी देव कान टवकारून बसलेला असावा.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सकाळीच तात्यांचं इंजिन बंद पडलं. उपासाची भगर दळायला बायका दारात बसलेल्या, आणि तात्या इंजिनला त्याच्या आईवडिलांची आठवण करून देत होते. मी धावलो. इंजिन सुरू व्हायला दुपार झाली. तेलानं माखलेले हात पुसत घरी आलो, देवघरासमोर गेलो, आणि तिथंच मटकन खाली बसलो.

घट बसला होता. पत्रावळीवर काळी माती, मातीत पेरलेलं धान्य, मधोमध मातीचा घट, वर नागवेलीची पानं आणि नारळ, वरून सोडलेली झेंडूची माळ, शेजारी नंदादीप. सगळं साग्रसंगीत. आणि या सगळ्याच्या खाली, पाट म्हणून, माझा ड्रॉइंग बोर्ड. प्लमर ब्लॉकसकट.

"आत्या," मी म्हणालो.

"बग कसा शोभतुय," आत्या कौतुकानं म्हणाली. "आमचा पाट वाळवीनं खाल्ला. म्हनलं आता काय करायचं? तर तुजा पाट डोळ्यापुडं. वर कागुद बी तूच लावल्याला, रांगुळी काडल्याली. म्हनलं, पोरगं पुन्याला जाऊन बिगाडलं न्हाई."

"आत्या, त्यो माजा बोर्ड हाय! त्यावर माजी परीक्षा हाय!"

"म्हनूनच बसवला की. आता नऊ दिस देवी तुज्या परीक्षेवर बसून हाय. दुसऱ्या कुनाच्या परीक्षेवर बसलीया का कवा?"

मी बार्शीकडचा, म्हणजे तुळजापूरच्या वाटेवरचा. बसलेला घट हलवायचा नसतो हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आमच्या आळीत एका म्हाताऱ्याचा घटाला नुसता पाय लागला होता, तर त्यानंतर आयुष्यभर त्याचं काहीही बिघडलं, अगदी छत्री हरवली तरी, लोक त्या घटाकडं बोट दाखवत. इकडं देवी, तिकडं सर. दोघांपैकी कोण आधी कोपेल एवढंच बघायचं होतं. तेवढ्यात आत्यानं फुलपात्रातून घटाच्या मातीवर पाणी शिंपडलं. ते मातीतून झिरपून पत्रावळीखाली, थेट माझ्या कागदावर गेलं.

तात्यांनी गावच्या गुरवाला बोलावलं. गुरव म्हणजे देवळाचा पुजारी, वयस्कर माणूस, आणि निकाल देण्याची त्याला आवड. त्यानं बोर्डाला न शिवता चारी बाजूंनी वाकून पाहिलं.

"घट उचलायचा, फळी काडायची, पुन्ना ठिवायचा, आसं जमंल का?" तात्यांनी विचारलं.

"जमंल की," गुरव म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला.

"पर मंग घरात कोन उरंल ते सांगता यायचं न्हाई."

जीव भांड्यातून परत बाहेर आला. शेवटी देवीलाच विचारायचं ठरलं. देवळात कौल लावला. देवीच्या मूर्तीला दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही चौघे हात जोडून बसलो. आत्या डोळे मिटून, मी डोळे फाडून. एकही कळी पडेना. उन्हं कलली. गुरवाला डुलकी लागली. तात्या हळूच म्हणाले, "जरा वारा घालू का?" आणि आत्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते इंजिन बघायला निघून गेले. कळ्या संध्याकाळपर्यंत तशाच. देवीनं निकाल राखून ठेवला होता.

उरला एकच मार्ग. माझ्याकडं एक कोरा कागद शिल्लक होता. बोर्डाऐवजी दुसरं काहीतरी सपाट पाहिजे. जमीन शेणानं सारवलेली, गिरणीच्या फळ्या खडबडीत. तात्या थोडा वेळ घराकडं बघत राहिले, मग पान्हा-हातोडी घेऊन आले आणि त्यांनी मागचं दार बिजागरीतून काढलं.

"हे घे. सपाट हाय."

"आन घराला दार?"

"दसऱ्याला बशिवतो. नवरात्रात चोर येत न्हाई. उपास आसतो त्येला."

दोन डब्यांवर दार आडवं ठेवून मी काम सुरू केलं. दार सपाट होतं हे खरं, पण सरळ नव्हतं. खालची कड तीन पिढ्यांच्या उंबरठ्यावर घासून झिजली होती. टी-स्क्वेअर तिला टेकवून मी दोन दिवस आडव्या रेषा मारल्या आणि तिसऱ्या दिवशी लांबून पाहिलं, तर माझा प्लमर ब्लॉक उतारावरून पौडच्या दिशेनं घसरत चालला होता. पुसलं. दुसऱ्या कडेनं सुरू केलं. रोज सकाळी उठून आधी घटाकडं बघायचो. आत्या पाणी घालायची, धान्य वाढायचं. गव्हाचे पिवळे कोंब बोटभर झाले, मग वीतभर. आत्या म्हणायची, "बग, तुजी परीक्षा कशी तरारलीया!" मी हो म्हणायचो आणि दारावर जाऊन बसायचो.

अष्टमीला समोरची बाजू शाईनं पुरी झाली. वरची बाजूही उतरली. आता फक्त कापलेली बाजू राहिली होती. मी रुलिंग पेनमध्ये शाई भरली, बाटली शेजारी ठेवली, श्वास रोखला. आणि जिथं दार असायला पाहिजे होतं तिथून गुरवाची शेळी घरात आली.

ती घाईत नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं. मग तिला देवघरासमोरचे कोवळे लुसलुशीत कोंब दिसले आणि ती त्या दिशेनं चालू लागली.

इथं विचार करायला वेळ मिळाला असता तर मी काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित पेन खाली ठेवलं असतं, बाटलीला टोपण लावलं असतं. पण मी ओरडत उडी मारली. शेळीचं तोंड घटापासून चार बोटांवर असताना मी तिच्या मागच्या पायांना मिठी घातली. शेळीनं मला फरफटत मागच्या अंगणात नेलं. आत्या धावत आली. घट शाबूत! नंदादीप तेवत होता. माळ हलत होती.

आणि दारावर शाईची बाटली आडवी पडली होती. समोरची बाजू, वरची बाजू, सगळं एका काळ्या तळ्याखाली गेलं होतं. दाराच्या कडेवरून शाई थेंब थेंब गळत होती.

आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"देवीनं तुला राखनदार केला रं! एवड्या गावात तुलाच निवडला!"

तेव्हा मी रडलो. आत्याला वाटलं भक्तीनं रडतोय.

रडून झाल्यावर मी ठरवलं, पहाटेच्या गाडीनं पुण्याला जायचं, नवा कागद मिळवायचा, रिकाम्या वसतिगृहात बसून कसंही करून शीट पुरी करायची. कंपासपेटी, टी-स्क्वेअर, गुण्ये सगळं एका फडक्यात बांधून उशाशी ठेवलं. पहाटे जाग आली, हात लावला, तर उशाशी काहीच नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायचा दिवस. आत्या कोंबड्याच्या आधी उठणारी. घटासमोर कोयता होता, विळा होता, कुदळ होती, नांगराचा फाळ होता, तात्यांचे पान्हे आणि इंजिनचं हँडल होतं. आणि त्या रांगेत शेवटी माझी उघडी कंपासपेटी, टी-स्क्वेअर आणि गुण्ये. प्रत्येकाला हळद-कुंकवाची बोटं. कंपासच्या टोकात झेंडूचं फूल खोवलेलं.

"आत्या, मला गाडी गाठायची हाय. ती हत्यारं दे."

"पुजल्यालं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटल्याबिगार उचलत न्हाईत. रुसतं ते. मंग मालकालाच चावतं."

"कंपास चावत न्हाई, आत्या!"

"कोयताबी आदी न्हाई चावत," तात्या कोपऱ्यातून म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताचं अर्धं बोट वर केलं. तो दिवस मी ओट्यावर बसून काढला आणि सुरवातीपासून बार्शीला परत जायचा रस्ता मनातल्या मनात आठवत राहिलो.

दसऱ्याला घट उठला. आत्यानं माती बाजूला केली. बोर्ड पाणी पिऊन मधोमध फुगला होता. कागद त्याला असा चिकटलेला की आत्यानं उलथन्यानं थालीपीठ सोडवावं तसा तो सोडवला. पिवळा पडलेला, सुरकुतलेला, कोपऱ्यात पिनांचा गंज, आणि पत्रावळीतून खाली उतरलेली गव्हाची पांढरी मुळं कागदातून आरपार गेलेली. पेन्सिलीच्या दोन्ही बाजूंचा पत्ता नव्हता. पण माती झटकली आणि खाली समोरची बाजू तशीच्या तशी होती. ड्रॉइंगची शाई पाण्याला दाद देत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. नऊ दिवस देवीखाली ठेवून खात्री करून घेणारा कॉलेजातला मी पहिलाच असेन.

कागद सरळ करायला आत्यानं पितळी तांब्यात निखारे घातले आणि त्याच्या बुडानं इस्त्री केली. सुरकुत्या गेल्या. जरा जास्त वेळ टेकला तिथं एक तपकिरी गोल उमटला. मी आजवर कंपासनं काढलेल्या कुठल्याही वर्तुळापेक्षा तो जास्त गोल होता. संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावर हत्यारं माझ्या हाती आली तेव्हा शेवटची गाडी निघून गेली होती. बोर्ड फुगलेला, दार परत बिजागरीत बसलेलं, त्यामुळं रात्री काढायलाही सपाट काही उरलं नव्हतं.

"सकाळच्या गाडीनं जा," आत्या म्हणाली. "मी बी येते."

"तू कशाला?"

"घट माजा हाय. तुज्या सायेबाला मी सांगीन."

मला सरांची भीती वाटत होतीच. आता सरांसमोर आत्या उभी राहण्याची भीती वाटू लागली, आणि ती आधीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

कॉलेजात मी आत्याला व्हरांड्यात बसवलं आणि "हालू नको" असं दहादा सांगून आत गेलो. सरांनी नळीतल्या शीट एकेक पाहिल्या. मग शेवटची उलगडली. बराच वेळ पाहिली.

"हे काय आहे?"

"प्लमर ब्लॉक, सर."

"आणि हे?"

"तांब्या, सर."

"आणि इथं?"

"गहू, सर."

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला सुरवात केली.

"सायेब," दारातून आवाज आला. आत्या हालली होती. नऊवारीचा पदर सावरत ती सरळ टेबलापाशी आली. "रागवायचं आसंल तर माज्यावर रागवा. त्येच्या पाटावर म्या घट बशिवला. पोरगं निस्तं भ्यालं. त्येला भ्यायाशिवाय काय येत न्हाई, पर खोटं बी येत न्हाई."

आणि सरांना काही कळायच्या आत तिनं त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, "सोनं घ्या, सोन्यावानी ऱ्हावा" म्हणाली, आणि कनवटीला बांधून आणलेली घटातल्या कोंबांची जुडी त्यांच्या उजव्या कानावर खोवली. गावाकडं वडीलधाऱ्यांच्या टोपीत खोवतात. सर बोडक्या डोक्याचे होते, तिचा इलाज नव्हता.

सर तसेच उभे. मी डोळे मिटून घेतले.

"घट उचलून बाजूला का नाही ठेवला?" सरांनी मला विचारलं.

"भीती वाटली, सर."

"देवीची?"

"देवीची, आत्याची, गुरवाची."

"माझी नाही वाटली?"

"तुमचीच जास्त वाटली, सर. म्हणून तर दार काढलं."

"कसलं दार?"

मग मी सगळं सांगितलं. कौल सांगितला, दार सांगितलं. शेळीपाशी आलो तेव्हा सर खिडकीकडं वळले. त्यांची पाठ हलत होती. ती रागानं हलतेय की कशानं, हे ओळखण्याइतका अभ्यास माझा नव्हता.

"शीट अपुरी आहे," परत वळून ते म्हणाले. "उरलेल्या दोन बाजू इथं, याच कागदावर, माझ्यासमोर काढा. कॉलेज बंद व्हायच्या आत. नाही झालं, तर मी काही करू शकत नाही."

मला कॉलेजचा एक बोर्ड मिळाला. आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली. वरची बाजू मी कशीबशी उतरवली. मग राहिली ती कापलेली बाजू. मी पेन टेकवायचो आणि उचलायचो. हात लटलट कापत होता.

"का रं थांबलास?" आत्या म्हणाली.

"आत काय असतंय ते आठवंना."

"आत काय आसतंय? चार वरसं उघडून पुसत हुतास की. तात्या वराडायचं, पितळ पूस, पितळ पूस. आन तेल कुटनं घालायचास तू? डोस्क्यावरनंच का न्हाई?"

मी डोळे मिटले. वरचं झाकण, दोन बोल्ट, खाली पितळेच्या दोन अर्ध्या वाट्या, डोक्यावर तेलाचं भोक. कागदावरचा नाही, गिरणीतला ठोकळा. चिकट, कोमट, पिठानं माखलेला. धडधाकट वस्तू कापायची कशापायी, तर हे दाखवायला. डोळे उघडून मी काढत गेलो. हात कापायचा थांबला नाही, पण कापता कापता योग्य ठिकाणी जाऊ लागला. शिपाई दारं लावायला लागला तेव्हा शेवटची रेष मारली.

सरांनी शीट हातात घेतली. हत्यारांवरून उतरलेली हळदीची बोटं, गंज, तांब्या, गहू, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली.

"रेषा बरोबर आहेत," ते म्हणाले. "स्वच्छतेला शून्य." आणि सही केली. "टर्म दिली."

ते निघून गेले, कानावर गव्हाचे कोंब तसेच. वाटेत दोन प्राध्यापक आणि प्राचार्य भेटले असावेत, पण सरांना त्याबद्दल विचारायची माझ्यासारखीच त्यांनाही भीती वाटली असणार.

स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना मी आत्याला म्हणालो, "आत्या, तुजं हे मी कवातरी फेडीन."

"काय फेडतुस? भाकरी का घट?"

तेवढ्यात एस.टी. आली. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि काय फेडायचं ते ठरलं आहे. आत्या इतकी वर्षं ओढ्यावरून चढ चढून पाणी आणते. पदवी हातात पडली की ओढ्यावर पंप बसवून तिच्या दारात पाणी आणून सोडायचं, असं मी तिला वचन दिलंय. चढ मोजला, नळाचा व्यास काढला, आकडेमोड तीनदा तपासली (एकदा चुकली होती). सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई झ्याक. कर तू. पर ते हुईस्तवर ह्यो हंडा उचल."

म्हणून सध्या प्रत्येक सुट्टीत योजना चालू आहे. नळ अजून यायचे आहेत. पंप मात्र मीच आहे.